रोजची गाडी सोडून ऑफ-रोडर घेताना भरवसा किती आणि मजा किती?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: गेली अनेक वर्षं एक सरळमार्गी सेडान वापरताय, तेल-फिल्टरपलीकडे तिने कधी काही मागितलं नाही. आता कच्च्या वाटा, ओढे, दगडधोंडे खुणावतायत. मन जीप रॅंगलरवर अडलंय, डोकं मात्र टोयोटाच्या फोररनरकडे ओढतंय. गाडी वापरलेलीच घ्यायची आहे आणि तीच रोज कामावरही न्यायची आहे. मग मजेपायी भरवशावर किती पाणी सोडायचं?

आधी उत्तर देतो, कारणं मागाहून. घरात चालती गाडी ही एकच असणार असेल तर फोररनर घ्या, लोक तिला कितीही कंटाळवाणी म्हणोत, आणि मजा टायरमधून व वाटा निवडण्यातून काढा. दारात दुसरी कुठलीही चालू गाडी राहणार असेल, अगदी जुनी सेडान विकायची नाही एवढं जरी ठरवलंत, तर रॅंगलर घ्या आणि मागे वळून बघू नका. गाडी किती वेळा बिघडते यापेक्षा ती बिघडलेल्या दिवशी तुमचं किती अडतं, हा हिशेब मोठा आहे. सोमवारी सकाळी कूलंटचा होज फुटला, तर ज्याच्या खिळ्याला दुसरी किल्ली टांगलेली आहे त्याच्यासाठी ते शनिवारचं काम. ज्याच्याकडे नाही त्याच्यासाठी रजेचा अर्ज.

सेडान वापरणाऱ्याचा भरवशाचा हिशेब साधा असतो: गाडी बंद पडली की नाही पडली. ऑफ-रोड गाडीत तीन गोष्टी वेगवेगळ्या बघाव्या लागतात. किती वेळा बिघडते ही पहिली. बिघडण्याआधी कुरकुर करून सांगते की अचानक जागेवर बसते ही दुसरी. आणि बसली तर कोणाच्या हातून, कुठल्या पान्यांनी उठते ही तिसरी. सर्वेक्षणांमधले गुण बहुतेक पहिलीचेच असतात. त्यातही काही सर्वेक्षणांत फोन न जुळणं आणि गिअरबॉक्स घसरणं या दोन्ही तक्रारी एकेकच धरल्या जातात. ज्याला मोबाइलची रेंज नसलेल्या ठिकाणी जायचंय त्याला दुसरी आणि तिसरी गोष्ट जास्त महत्त्वाची.

लँड रोव्हर डिफेंडरचं उदाहरण घ्या. २०१९ साली दाखवलेली नवी डिफेंडर ॲल्युमिनियमच्या मोनोकॉक बॉडीची, म्हणजे वेगळी चासी नसलेली. एअर सस्पेन्शन असेल तर ९०० मिलिमीटर पाण्यातून जाऊ शकते असं कंपनीच सांगते, आणि ती जाते. जानेवारी २०१६ मध्ये जिचं उत्पादन थांबलं ती जुनी डिफेंडर गळायची, खडखडायची, पावसात आतून ओली व्हायची. पण तिची बरीचशी दुखणी पाना, हातोडी आणि तार यांच्या आवाक्यातली होती. नवीच्या उंचीचा सेन्सर गेला तर कोड वाचायला स्कॅनर लागतो आणि पार्ट आल्याशिवाय काम पुढे सरकत नाही. कमी वेळा बिघडणारी गाडी वाईट प्रकारे बिघडू शकते, एवढंच मला यातून दाखवायचंय. नवी वाईट आहे असं अजिबात नाही. लांबच्या प्रवासात मी स्वतः नवीतच बसेन.

टोयोटाचा भरवसाही काही मंत्राने येत नाही. लँड क्रूझरची ७० मालिका १९८४ पासून आजही बनते, बदल होत गेले पण सावकाश. पाचव्या पिढीची फोररनर २०१० च्या मॉडेलपासून २०२४ पर्यंत तेच ४.० लिटरचं व्ही-६ इंजिन आणि तोच पाच गिअरचा ऑटोमॅटिक घेऊन विकली गेली. ताकद २७० अश्वशक्ती, म्हणजे लिटरमागे जेमतेम ६७. एवढं मोठं इंजिन इतक्या आरामात चालवलं की ते टिकतं, आणि त्याची किंमत तुम्ही पेट्रोल पंपावर भरता. नव्या पिढीत २.४ लिटरचं टर्बो इंजिन आलं, ताकद २७८, म्हणजे लिटरमागे ११६ च्या आसपास. ते वाईट निघेल असं नाही, पण तेवढा काळ त्याने अजून काढलेला नाही. बोनेटवरच्या चिन्हावर डोळे झाकून विसंबू नका हेही याच कारणाने सांगतो. २०२४ साली टोयोटाने टुंड्रा आणि लेक्सस एलएक्स मिळून सुमारे १ लाख गाड्या परत बोलावल्या, कारण त्यांच्या टर्बो व्ही-६ इंजिनात मशीनिंगचे कण राहून गेल्याची शक्यता होती. भरवसा कंपनीचा नसतो, ठरावीक वर्षाच्या ठरावीक इंजिनाचा आणि गिअरबॉक्सचा असतो. गाडी बघायला जाण्याआधी तेवढा अभ्यास करून जा.

आता रॅंगलर. तिची बदनामी जेवढी आहे तेवढी ती वाईट नाही. २०१२ च्या मॉडेलपासून तिला ३.६ लिटरचं व्ही-६ मिळालं. या इंजिनाची दुखणी सगळ्यांना पाठ आहेत: सुरुवातीच्या वर्षांत डाव्या सिलिंडर हेडची तक्रार, रॉकर आर्मची टिकटिक, आणि इंजिनच्या ‘व्ही’च्या दोन हातांच्या मधल्या खोबणीत बसवलेल्या प्लॅस्टिकच्या ऑइल फिल्टर हाउसिंगची गळती. हाउसिंग गळायला लागलं की तेल वरच्या खोबणीत साठतं आणि मागच्या बाजूने गिअरबॉक्सवर ओघळतं. अनोळखी मेकॅनिक मागचा ऑइल सील गेला म्हणून गिअरबॉक्स उतरवतो आणि आजार वरच राहतो. म्हणून गाडी घेतानाच टॉर्च घेऊन इनटेकखालच्या त्या खोबणीत बघा. ओली असेल तर भाव कमी करून घ्या. गाडी सोडून देण्याइतकं ते मोठं कारण नाही.

रॅंगलरचं खरं दुखणं पुढच्या ॲक्सलचं आहे, आणि मजाही तिथूनच येते. पुढे-मागे दोन्हीकडे अखंड ॲक्सल, म्हणजे डावं-उजवं चाक जोडणारा एकच सलग आडवा दांडा, असल्यामुळे एक चाक दगडावर चढलं की दुसरं आपोआप खाली दाबलं जातं, चाक जमीन सोडत नाही. फोररनरच्या पुढच्या स्वतंत्र सस्पेन्शनला हे इतकं जमत नाही. ती लवकर एक चाक हवेत उचलते आणि मग ट्रॅक्शन कंट्रोल ब्रेक मारमारून तिला बाहेर काढतं. पण त्याच अखंड ॲक्सलमुळे हमरस्त्यावर रॅंगलर थोडी भरकटते, स्टिअरिंगला सतत बारीक हात द्यावा लागतो. आणि सांधे झिजलेले असतील तर साधारण ७० ते ९० च्या वेगात पुढचं चाक खड्ड्यात आपटल्यावर सगळं पुढचं अंग जोरजोरात थरथरायला लागतं. ज्याने अनुभवलंय तो विसरत नाही. असं झालं तर जोरात ब्रेक दाबू नका. ॲक्सिलरेटर सोडा, स्टिअरिंग घट्ट धरा आणि वेग उतरू द्या.

हे आधीच ओळखता येतं. गाडी सपाट जागेवर, वजन चाकांवर, जॅकवर नाही. मागच्या चाकांना दगड लावा, हँडब्रेक ओढा, इंजिन चालू ठेवा. एकाला आत बसवून स्टिअरिंग थोडंसंच, घड्याळातल्या अकरा ते एक एवढंच, पटापट डावी-उजवीकडे हलवायला सांगा. तुम्ही खाली पडून ट्रॅक बारकडे बघा, म्हणजे ॲक्सलला चासीशी बांधणाऱ्या आडव्या दांड्याकडे. त्याच्या प्रत्येक टोकाला बोट अर्धं बोल्टच्या डोक्यावर आणि अर्धं ब्रॅकेटवर टेकवा. दोन्ही एकत्र हलले तर ठीक. बोल्ट ब्रॅकेटमध्ये ‘टक’ करून सरकल्याचं बोटाला कळलं, तर भोक अंडाकृती झालंय किंवा बुश गेलाय. मग तसंच टाय रॉडची टोकं बघा. बॉल जॉइंट मात्र चाक उचलून, खाली पहार घालून तपासायचे. आणि बाकी सगळं जुनं असताना स्टिअरिंग डॅम्पर, म्हणजे स्टिअरिंगचे धक्के जिरवणारा शॉक-ॲब्सॉर्बर, तेवढा कोरा करकरीत दिसला तर सावध व्हा. डॅम्परने थरथर लपते, जात नाही. विकणाऱ्याला ते ठाऊक असतं.

मजेचंही जरा खोलात जाऊन बघू, कारण तिच्या नावाखाली लोक भलतंच विकत घेतात. कोणाला दगडांवरून मुंगीच्या चालीने चढायला आवडतं, कोणाला मोकळ्या मुरुमाच्या रस्त्यावर वेगात जायला, कोणाला छत काढून उन्हात फिरायला, आणि काहींना तर गाडी चालवण्यापेक्षा रविवारी तिच्याखाली पडून राहायला जास्त आवडतं. या चौथ्या जातीच्या माणसाला भरवशाची गाडी देणं म्हणजे अन्याय आहे. दगडांचा शौक असेल तर रॅंगलर रुबिकॉनला तोड नाही: २००३ पासून ती पुढचा-मागचा दोन्ही डिफ लॉक (डिफ म्हणजे डिफरेन्शियल, डाव्या-उजव्या चाकांत ताकद वाटणारी गिअरची पेटी; लॉक केली की दोन्ही चाकं सोबत फिरतात) आणि ४:१ ची लो रेंज (हळू पण जास्त जोराने चालवणारा जादा गिअर) घेऊन येते, साध्या रॅंगलरची २.७२:१ असते. हा फरक कागदावर लहान वाटतो. उतारावर ब्रेकला पाय न लावता गाडी स्वतःच रांगत खाली येते तेव्हा तो कळतो. मुरुमावरच्या वेगाचा शौक असेल तर पुढचं स्वतंत्र सस्पेन्शन बरं, म्हणजे फोररनर. छताचा शौक असेल तर फोररनर कितीही भरवशाची असली तरी दोन वर्षांत विकाल. मजेचा तो एक प्रकार असा आहे की कुठलंही ॲक्सेसरीचं दुकान तो मागाहून बसवून देत नाही.

एक तिसरा पर्याय तुम्ही विचारला नाहीत पण सांगतो: सुझुकी जिम्नी. वजन ११०० किलोच्या आसपास, शिडीसारखी चासी, दोन्हीकडे अखंड ॲक्सल, १.५ लिटरचं साधं इंजिन. मध्यम अवघड वाटेवर जिम्नीत जेवढी मजा येते तेवढी अडीच टनाच्या सर्वगुणसंपन्न गाडीत येत नाही, कारण मोठीला ती वाट जाणवतच नाही. तिच्या मर्यादा हमरस्त्यावर, सामानाच्या जागेत आणि मागच्या सीटवरच्या माणसाच्या चेहऱ्यावर दिसतात. रोजचा प्रवास शहरातला आणि छोटा असेल तर हिचा जरूर विचार करा.

आता मुख्य मुद्दा. माझ्याकडे दुरुस्तीला ओढून आणलेल्या बऱ्याचशा गाड्या कारखान्यातून निघताना चांगल्या होत्या. त्यांचा भरवसा मालकाने पहिल्या वर्षभरात हौसेने काढून टाकलेला असतो, आणि त्याची सुरुवात टायरपासून होते. समजा ३२ इंची चाकं काढून ३५ इंची घातली. व्यास सुमारे ९ टक्के वाढला, म्हणजे सगळे गिअर तेवढ्याने लांबले; ऑटोमॅटिक गिअरबॉक्स सारखा खाली-वर शोधाशोध करतो आणि तापतो. ब्रेकला तेवढीच जास्त ताकद लावावी लागते, शिवाय प्रत्येक चाक कित्येक किलोंनी जड झालेलं. व्हील बेअरिंग, बॉल जॉइंट, टाय रॉडची टोकं हे सगळं जुन्या वजनासाठी बनवलेलं. आणि स्पीडोमीटर जुळवून घेतला नाही तर काटा ८० वर असताना तुम्ही ८७ ने जात असता. किलोमीटरही कमी पडतात: मीटरवर १०,००० होईपर्यंत गाडी प्रत्यक्षात १०,९०० पळालेली असते, म्हणजे सर्व्हिसिंगही आपोआप लांबतं.

मोठी चाकं बसावीत म्हणून मग गाडी उचलतात. स्वतंत्र सस्पेन्शनवाली उचलली की पुढचे ड्राइव्ह शाफ्ट जास्त तिरके होतात, त्यांचे रबरी बूट घड्यांवर घासून फाटतात, ग्रीस बाहेर आणि माती आत. अखंड ॲक्सलवाली उचलली की कॅस्टरचा कोन (चाक वळतं त्या अक्षाचा मागे झुकाव) घटतो आणि स्टिअरिंग सरळ परतेनासं होतं. ट्रॅक बारचा कोन बदलतो आणि ॲक्सल एका बाजूला सरकतो. हे सगळं दुरुस्त करता येतं, पण त्यासाठी अजून चार पार्ट बदलावे लागतात. ते चार बसवायचे नसतील तर उचलूच नका. फक्त स्प्रिंगखाली ठोकळे घालून उंची वाढवून दिलेली वापरलेली गाडी मला फुकट दिली तरी मी आधी ते ठोकळे काढीन.

दुसरा मोठा शत्रू पाणी, आणि त्याची गंमत अशी की नुकसान चिखलात दिसत नाही, महिन्याभराने दिसतं. गाडी तासभर चालून डिफचं हाउसिंग गरम झालेलं असतं. ते अचानक थंड ओढ्यात बुडालं की आतली हवा आकसते आणि ओढ निर्माण होते. ब्रीदरची, म्हणजे हाउसिंगला हवा देणारी, नळी मोकळी आणि पाण्याच्या वर असेल तर तिच्यातून हवा आत येते. ती चिखलाने तुंबली असेल किंवा ॲक्सलवरच आखूड संपत असेल, तर सीलच्या कडेने किंवा नळीतूनच पाणी आत ओढलं जातं. मग गिअर ऑइल दुधाळ होतं, बेअरिंग गंजतात आणि काही दिवसांनी मागून घरघर ऐकू येते. उपाय फार स्वस्त आहे: ब्रीदरच्या नळ्या बोनेटपर्यंत उंच आणा, पाण्यात शिरण्याआधी पाच-दहा मिनिटं थांबा, आणि खोल पाण्यातून आलात की डिफचा प्लग सैल करून चार थेंब बोटावर घ्या. पुढचं-मागचं दोन्ही. गाडी विकत घेतानाही हेच करा. प्लगच्या चुंबकावर बारीक राखाडी लुकण असेल तर ते नेहमीचं; टोचणारे तुकडे असतील तर दुसरी गाडी बघा.

बाकीचं भराभर सांगतो. तुमची होणारी गाडी पार्ट-टाइम फोर बाय फोर असेल, म्हणजे चारही चाकांना ताकद गरजेपुरतीच जोडायची असेल, तर कोरड्या डांबरावर फोर-हाय (लो रेंजशिवायचा फोर बाय फोर) लावून वळणं घेऊ नका, पुढच्या-मागच्या ॲक्सलमध्ये ताण साठतो आणि दोन्हींना ताकद वाटणारा ट्रान्सफर केस भोगतो. उलट महिनोन्‌महिने फोर बाय फोर न वापरणंही वाईट, तो जोडणारा ॲक्च्युएटर अडकतो. महिन्यातून एकदा मातीवर चार-पाच किलोमीटर लावत जा, लो रेंजसकट. डिझेल घेणार असाल आणि रोजचा प्रवास अगदी छोटा असेल तर डीपीएफवाली (धुरातली काजळी अडवणारा फिल्टर असलेली) नवी डिझेल टाळा, काजळी जाळायला तिला लांब, गरम पळणं लागतं. चासीला आतून गंज आहे का हे रंगावरून ठरवू नका. छोट्या हातोडीने टिचकी मारत जा, जिथे आवाज बद्द येईल तिथे थांबा. हा दोष टोयोटालाही चुकलेला नाही, टाकोमा पिकअपच्या गंजलेल्या चासी हे त्याचं जगजाहीर उदाहरण.

तुमच्या बाबतीत मी असं करीन. सेडान सहा महिने विकू नका. फोररनर किंवा रॅंगलर, जी घ्याल ती शक्य तितकी कोरी, कोणी हात न लावलेली शोधा. आधीच्या मालकाने ‘सगळं करून घेतलंय’ असं सांगितलं की माझा तरी उत्साह मावळतो. गाडीच्या किमतीतले दहा-पंधरा टक्के बाजूला काढून ठेवा आणि त्यातून आधी सगळी तेलं, कूलंट, बेल्ट, होज आणि ब्रेक फ्लुइड नवं करून घ्या. मग मूळ मापाचेच, पण दणकट बाजूंचे ऑल-टेरेन टायर, हवेचा कॉम्प्रेसर आणि चांगला गेज. हवा ३५ वरून १८-२० पीएसआयवर आणली की गाडीत जो फरक पडतो तो दोन इंच उचलून पडत नाही, आणि त्याने काही तुटत नाही. फक्त डांबरावर परत येताना हवा भरायची. सहा महिने असंच चालवा. दर वाटेवर नक्की कशामुळे अडलात ते लिहून ठेवा: उंची कमी पडली, पकड कमी पडली, की चालवणारा कमी पडला. बहुतेक वेळा तिसरंच असतं, आणि त्यावर एखादा दिवस शिकवणीत घालवणं डिफ लॉकपेक्षा स्वस्त पडतं.

सहा महिन्यांनंतरही सेडान दारात परवडतेय आणि मन छताशिवायच्या गाडीतच आहे असं दिसलं, तर फोररनर विकून रॅंगलर घ्यायला मोकळे आहात. फोररनर सहसा चांगल्या भावाने जाते. उलट प्रवास, म्हणजे रॅंगलरने रोज कामावर जाऊन कंटाळल्यावर फोररनरकडे येणं, हाही मी पुष्कळांना करताना बघितलाय. पण तोवर त्यांनी रॅंगलरवर एवढं काही बसवलेलं असतं की त्यातलं थोडंच वसूल होतं.

आणि गाडी घरी आली की पहिल्याच रविवारी, सपाट जागेवर, स्पेअर चाक खाली उतरवून परत चढवा, गाडीसोबत आलेल्याच हत्यारांनी. फोररनरचं स्पेअर मागे चासीखाली टांगलेलं असतं, आणि वर्षानुवर्षं न हलवलेली ती यंत्रणा गंजून जाम झालेली निघणं सर्रास आहे. रॅंगलरचं मागच्या दारावर असल्यामुळे तिथे हा त्रास नाही. मात्र आधीच्या मालकाने मोठं चाक टांगलेलं असेल तर दार उघडून वर-खाली हलवून बघा, बिजागऱ्या ढिल्या झालेल्या असू शकतात.